आमच्या गाडीची पिचकारी

मोटारगाडीचे जे अवयव थोर समजले जातात, त्यांची विचारपूस सगळेच करतात. इंजिन कुरकुरू लागले की चारचौघे भोवती जमतात. ब्रेक सैल झाला तर घरातील माणसे गाडीत पाऊल ठेवीत नाहीत. आणि चाक बसले तर रस्त्याने जाणारा अनोळखी गृहस्थही हातवारे करून तसे सांगतो. परंतु समोरच्या काचेवर पाणी उडविणारी जी इवलीशी पिचकारी असते, ती बंद पडली म्हणून कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. आमच्या गाडीची पिचकारी सतरा वर्षे बंद होती, आणि या सतरा वर्षांत आम्हांस तिची आठवण सतरा वेळा तरी झाली असेल की नाही, याची शंकाच आहे.

ही गाडी म्हणजे सन १९६९ ची फोक्सवागेन. जगात हिच्या जातीला बीटल, म्हणजे भुंगा, म्हणतात. आमच्या घरी मात्र पाठीच्या घुमटामुळे तिचे नाव ‘कासव’ पडले व तेच रूढ झाले. मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून सन २००३ च्या ३० जुलै रोजी या जातीची शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर अशा २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या. आमच्या पुण्याजवळ चाकण येथे याच कंपनीचा कारखाना सन २००९ मध्ये सुरू झाला. पण हे जुने कासव काही तेथे जन्मास आले नाही, त्यामुळे हिच्या स्वभावाची ओळख असलेली माणसे इकडे थोडीच. इंजिन मागे, सामानाची डिकी पुढे, बॅटरी मागच्या बैठकीखाली! एखादा तरुण फिटर मोठ्या उत्साहाने पुढचे झाकण उघडतो, आत केवळ स्टेपनी दिसताच क्षणभर दचकतो, आणि मग इंजिन कोणी चोरून नेले काय, अशा मुद्रेने आमच्याकडे पाहू लागतो.

आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ही गाडी सन १९७४ मध्ये मायदेशी परत जाणाऱ्या एका जर्मन अभियंत्याकडून घेतली. तिच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका पुढे वाळवीने फस्त केली. परंतु तत्पूर्वीच दादांनी तीतील आवश्यक तेवढा मजकूर आपल्या एका लांबट, तांबड्या कापडी बांधणीच्या वहीत उतरून घेतला होता. दादा मोजके बोलत आणि त्याहून मोजके लिहीत. तेल केव्हा बदलावे, पट्टा किती ताणावा, एवढेच. का, हे कोठेही नाही. या वहीच्या तिसऱ्या पानावर चाकांतील हवेची नोंद होती. ती अशी : ‘पुढे १६, मागे २४, स्टेपनी ४२.’

सन २००६ मध्ये दादांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यात आले आणि त्यांनी गाडीच्या किल्ल्या व ती वही आमच्या स्वाधीन केली. आमचा पेशा गणित शिकविण्याचा. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे आमच्या उजव्या हातास तांबड्या पेन्सिलीची जी खोड जडली होती, ती असे कोणतेही लिखाण पुढे आले की आपोआप जागी होई. ज्या गाडीच्या पुढच्या चाकांस १६ आणि मागच्या चाकांस २४ पौंड हवा पुरते, तिच्या डिकीत स्वस्थ पडून राहणाऱ्या पाचव्या चाकास ४२ पौंड हवा कशाला? उघडच लिहिताना आकडे उलटले होते. अशी उलटापालट आम्ही हजारो मुलांच्या उत्तरांत पाहिली होती. आम्ही ४२ वर आडवी रेघ मारली, शेजारी तांबड्या अक्षरांत २४ लिहिले, आणि वडिलांची चूक सुधारण्याचा योग मुलास क्वचितच येतो या विचाराने थोडे सुखावलोही.

पुढे काही दिवसांनी पिचकारीतून पाणी येईनासे झाले. वायपरच्या बटणाचा मधला भाग दाबला की पूर्वी काचेवर दोन धारा उडत. आता नुसता बोटास ठणका. ‘मोटर जळली असेल,’ असे आम्ही ठरविले, आणि गाडीत एक पाण्याची बाटली व एक जुन्या धोतराचे फडके ठेवून त्या प्रकरणावर पडदा टाकला. गाडी तरी अशी कितीशी बाहेर निघे! महिन्यातून दोनदा फेरफटका, दसऱ्यास पूजा, आणि एखाद्या लग्नाकार्यात वराची मिरवणूक.

सन २०२३ च्या आषाढात आम्ही व आमचे कुटुंब मुळशीकडून परत येत होतो. भातलावणीचे दिवस. चिखलणी करून खाचरांतून वर आलेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर मातीचे पट्टे ओढून ठेवले होते. पाऊस नुकताच थांबला होता. आणि वाहन हाकणारास खरा घातक समय हाच, कारण पावसात काच निदान धुतली तरी जाते. समोरून एक मालमोटार भरधाव आली आणि तिच्या चाकांखालचा चिखल फटकन आमच्या काचेवर बसला. आम्ही अर्थातच वायपर सुरू केला. एखाद्या सुगृहिणीने अंगण सारवावे, त्याप्रमाणे वायपरने तो चिखल या कडेपासून त्या कडेपर्यंत अत्यंत सफाईने सारवून टाकला. जगाच्या ठिकाणी एक तपकिरी पडदा राहिला. पिचकारीचे बटण आम्ही किती वेळा दाबले ते आठवत नाही.

“अहो, थांबा! थांबा!” आमचे कुटुंब ओरडले. त्यांनी शेजारच्या खिडकीतून बाहेर डोके काढले होते. आम्ही ब्रेकवर उभे राहिलो म्हटले तरी चालेल. गाडी घसरत, तिरपी होत थांबली. खाली उतरून पाहतो तो समोरच्या बंपरापासून वीतभर अंतरावर एक म्हैस उभी, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा. म्हैस शांत होती. मुलगाही, आश्चर्य हे की, शांत होता. त्याने एकवार आमच्याकडे, एकवार काचेकडे पाहिले, रस्त्याकडेच्या ओहळातून ओंजळीने पाणी आणून चार-पाच वेळा काचेवर मारले, आणि म्हणाला, “काका, काच धुवत जावा की.” मग म्हशी घेऊन तो खाली उतरला. आम्हांस त्यास काही बोलता आले नाही. खिशात हात घालण्याचेही सुचले नाही. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. जिना चढताना मात्र कुटुंबाने एवढेच सांगितले की, ती पिचकारी दुरुस्त झाल्याशिवाय आपण त्या गाडीत बसणार नाही, आणि आम्हीही बसू नये.

दुसऱ्याच दिवशी गाडी एका नव्या, झगझगीत गॅरेजात नेली. तेथील तरुणाने अर्धा तास मोटर शोधली. आम्हीही शोधली. मोटर नव्हतीच. तेव्हा त्याने दुसऱ्या एखाद्या गाडीची विजेवर चालणारी मोटर व डबी बसवून देण्याची तयारी दाखविली. खर्चही बेताचाच सांगितला. न्यायाने बोलावयाचे तर त्याची सूचना शहाणपणाची होती. रोज वापरावयाची गाडी असती तर आम्ही ती तात्काळ मान्य केली असती. जुन्या वस्तूंचे सोवळे पाळणारांपैकी आम्ही नव्हे. परंतु पूर्वी जी धार उडत होती ती मोटरीवाचून कशी उडत होती, हा प्रश्न डोक्यात शिरला, आणि गणिताच्या माणसाच्या डोक्यात शिरलेला प्रश्न उत्तर घेतल्यावाचून बाहेर पडत नाही.

चौकशी करता करता नाना पेठेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांमागील एका बोळात, एका वृद्ध उस्तादांचा पत्ता लागला. त्यांनी काम जवळजवळ सोडले होते. मुलगा दुकान पाही. गाडी दारात उभी राहताच मात्र ते खाटेवरून उठून आले, झाकण उघडले, स्टेपनीच्या व्हॉल्व्हला जोडलेली काळी नळी बोटाने उचलली आणि हसले. ही नळी आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. स्टेपनीत बाहेरून हवा भरण्याची ती काही सोय असावी, अशी आमची समजूत होती. हवा भरणारा पोरगा ती काढी, आणि भरून झाल्यावर परत लावी.

“मोटर कशाला शोधता साहेब? हिला मोटर नाहीच. ही स्टेपनीच्या हवेवर पाणी मारते.”

त्यांनी जे समजावून सांगितले ते असे. स्टेपनीतील दाबलेली हवा या नळीतून पाण्याच्या बाटलीत जाते आणि पाण्यास वरून रेटते. पाणी दुसऱ्या नळीने वायपरच्या बटणापर्यंत येऊन दबा धरून बसते. बटण दाबले की तेथील झडप उघडते आणि पाणी काचेखालच्या नोझलमधून उसळते. मोटर नाही, वीज नाही, जळावयास काही नाही. गाडीत फुकट पडून असलेल्या चाकातील हवा कोणा तरी माणसाने कामास लावली होती! आणि त्याने एवढ्यावरच थांबू नये. काच धुता धुता स्टेपनीच बसली तर प्रवाशाने काय करावे? म्हणून नळीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. दाब पंचविसाच्या थोडा वर असतानाच तो मिटतो आणि पुढची हवा चाकासाठी राखून ठेवतो. एरवी चाकास लागते त्याहून जास्त हवा स्टेपनीत भरावयाची ती याकरिता. चाक चढविण्याची वेळ आलीच तर जास्तीची सोडून द्यावयाची.

“स्टेपनीत हवा किती ठेवता?” उस्तादांनी विचारले.

“चोवीस,” आम्ही म्हणालो.

“चोवीसवर कशी चालणार साहेब? तिथं तर व्हॉल्व्ह बंदच. बेचाळीस पाहिजे.”

आम्ही तेथल्या एका पालथ्या डब्यावर बसलो. उस्तादांना वाटले, उन्हाने भोवळ आली. त्यांनी पाणी मागविले. आषाढात ऊन कोठले!

हवा भरली आणि काम झाले, असे मात्र झाले नाही. सतरा वर्षे वापर नसल्यामुळे सर्वच आतून निजले होते. प्रथम उस्तादांनी बॅटरीची तार काढून ठेवली, कारण पाण्याची नळी बटणामागे विजेच्या तारांच्या अगदी शेजारून जाते. बाटली बाहेर काढली, तो आत हिरवेगार शेवाळ. ती घरी आणली. कुटुंबाने तीत मूठभर तांदूळ व कढत पाणी घालून, दुधाची बाटली विसळावी तशी खळखळून दिली. तीन वेळा केल्यावर आरपार दिसू लागले. नळ्यांचे रबर बोटाने वाकविताच तडकत होते. येथे आम्ही आपली अक्कल खर्च केली. मासे पाळण्याच्या पेटीस हवेची जी पारदर्शक नळी लावतात, ती स्वस्त व सुबक दिसली म्हणून आम्ही वाटेत विकत घेतली. उस्तादांनी नाक मुरडले, पण आमच्या मानासाठी ती जोडून हवा सोडली. नळी फुग्यासारखी तट्ट फुगली, सटकन निसटली आणि तिने आमचे धुतलेले शर्ट, चष्मा व हातातील वर्तमानपत्र यांवर समान कृपा केली. मग उस्तादांनी आतून दोऱ्याची वीण असलेली पेट्रोलची नळी काढली आणि न बोलता तोडून बसविली.

खरा वेळ गेला तो बटणामागील झडपेपायी. तिच्यातील रबर कडक होऊन गेले होते. साफ केल्यावर ती उघडू लागली, पण पुरती मिटेना. खाली अंथरलेल्या रद्दीच्या कागदावर मिनिटास एक-दोन थेंब पडत. “थेंब आहे, जाऊ द्या,” असे आम्ही म्हटले. उस्ताद म्हणाले, “थेंब तारेवर पडतो साहेब. आज काच धुवाल, उद्या गाडी जाळाल.” या गाड्या जगभर इतक्या पसरल्या आहेत की त्यांचे सुटे भाग परदेशांत अजून नव्याने तयार होतात, तशी एक झडप मागविली, जकात भरली, आणि ती टपालाने येईपर्यंत गाडी बोळातच राहिली. त्या बारा दिवसांत आम्ही रोज सायंकाळी काही काम नसताना तेथे जाऊन बसत असू.

नोझलमध्ये क्षार दगडासारखा बसला होता. विहिरीचे जड पाणी घालू नये ते यासाठीच. टाचणी जाईना. तेव्हा आमच्या आईच्या तंबोऱ्याची एक सुटी पोलादी तार माळ्यावर सापडली ती नेली, आणि तिने ती बारीक भोके मोकळी केली. बाटलीच्या झाकणातून हवा झिरपत होती. साबणाचा फेस लावला की तेथे बुडबुडे येत. उस्तादांनी सायकलच्या ट्यूबची एक चकती कात्रीने कापून झाकणात बसविली आणि बुडबुडे थांबले. शेवटी स्टेपनीत बेचाळीस हवा भरून नळी जोडली. बटण आम्ही दाबावे असे ठरले. धार उडाली ती काच सोडून, टपावरून, मागे उभ्या असलेल्या उस्तादांच्या चिरंजीवांच्या चहात! नोझलचे तोंड टाचणीने किंचित खाली केल्यावर दोन्ही धारा काचेवर, वायपर फिरतो त्या पट्ट्याच्या वरच्या बाजूस, नेमक्या येऊन पडल्या. अगदी मध्यावर धरू नये, कारण गाडी वेगात असली की वारा पाण्यास खाली दाबतो. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला, आणि बोळाच्या तोंडाशी उभा असलेला भाजीवाला, त्याच्या हातगाडीवरील कोथिंबिरीच्या जुड्यांसह, लख्ख दिसू लागला.

उस्तादांनी मजुरी अशी सांगितली की आम्हांस ती दुप्पट करून देताना वाद घालावा लागला.

त्या रात्री आम्ही वही काढली. ‘स्टेपनी ४२’ आणि त्यावरची आमची रेघ. दादांनी ती रेघ पाहिली होती काय? वही त्यांच्याच कपाटात असे. पण ज्या गोष्टीने आम्हांस त्या रात्री झोप लागू दिली नाही, ती ही नव्हे.

सन २०११ मध्ये दादांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर त्यांचे शब्द फार थोडे उरले होते, आणि तेही एकेक, ओढून आणल्यासारखे. पुढल्या वर्षी उन्हाळ्यात एके संध्याकाळी आम्ही त्यांना गाडीत बसवून पाषाणच्या तलावाकडे नेले होते. उतरते ऊन समोरून येत होते आणि काचेवर धुळीचा थर. दादांनी डाव्या हाताने वायपरच्या बटणाकडे खूण केली. आम्ही ते दाबून दाखविले. “पाणी येत नाही, दादा. मोटर जळली आहे,” असे आम्ही मोठ्याने सांगितले, कारण त्यांस ऐकूही कमी येत होते. त्यांनी मान हलविली. “हवा बघ,” ते म्हणाले.

आम्ही खिडकीबाहेर डोके काढून आकाशाकडे पाहिले. “हवा छान आहे, दादा. पाऊस यायचा नाही.”

“हवा... बघ,” ते पुन्हा म्हणाले.

आम्हांस वाटले, त्यांना परत जावयाचे आहे. आम्ही गाडी वळविली. सन २०१४ मध्ये ते गेले.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी हवा भरावयास नेली. हवेच्या यंत्रावर कोणी नवीन पोरगा होता. आम्ही त्यास सांगितले, पुढे सोळा, मागे चोवीस, स्टेपनीत बेचाळीस.

“काका, चोवीस म्हणायचंय ना तुम्हांला?”

“बेचाळीस.”

त्यास काही पटले नाही. त्याने आमच्या हातातील वहीत डोकावून पाहिले आणि तांबड्या आकड्यावर बोट ठेवले. “हे बघा, ह्यात पण चोवीसच लिहिलंय.”

आम्ही खाली उतरलो, पुढचे झाकण उघडले, आणि त्यास ती नळी दाखविली.